घर्षण, एकमत आणि अडीच इंच बर्फ

आधुनिक शहर कशाच्या आधारावर चालते, या प्रश्नाला अर्थशास्त्रज्ञ भांडवल असे उत्तर देतात, राज्यशास्त्रज्ञ कायदा असे देतात, आणि प्रत्यक्ष शहरात राहणारा माणूस उत्तराच्या फंदात न पडता नळाला पाणी यायच्या आत बादल्या मांडतो. भौतिकशास्त्राचे उत्तर या सर्वांहून रुक्ष असले तरी अधिक मूलगामी आहे : शहर घर्षणावर चालते. दोन पृष्ठभाग एकमेकांवरून सरकू लागले असता त्या सरकण्याला होणारा विरोध म्हणजे घर्षण, आणि हा विरोध दाबाच्या बलाच्या किती पट आहे हे सांगणारी संख्या म्हणजे घर्षणांक. कोरड्या डांबरी रस्त्यावर रबरी टायरचा घर्षणांक साधारणपणे ०.७ ते ०.८ असतो, वितळू पाहणाऱ्या बर्फावर तोच ०.१ किंवा त्याहूनही खाली येतो. नगरपालिका, पोलीस दल, शाळेची बस, राज्यपालांचा ताफा आणि सकाळी फिरायला निघालेल्या सेवानिवृत्त गृहस्थांचा रुबाब या सर्व संस्था या दोन आकड्यांमधल्या फरकावर उभ्या आहेत, ही गोष्ट एरवी कोणाच्या ध्यानात येत नाही, कारण जी वस्तू फुकट मिळते आणि डोळ्यांना दिसत नाही तिचे खाते कोणत्याही सरकारात उघडले जात नाही.

शहराचा दुसरा आधार याहूनही दुर्लक्षित आहे, आणि तो म्हणजे मतभेद. लाखो माणसांच्या शहरातले रस्ते त्या सर्व माणसांना एका वेळी मावतील एवढे रुंद कधीच नसतात. ते पुरतात याचे कारण एवढेच, की कोणी आठला निघतो, कोणी दहाला, कोणाला उशीर झालेला असतो, कोणी रजेवर असतो, आणि घरातून नेमके कधी निघावे याविषयी दोन नागरिकांचे सहसा पटत नाही. ज्या दिवशी घर्षण नाहीसे होते आणि नेमके त्याच दिवशी एकमत होते, त्या दिवशी शहराचे काय होते याचा अभ्यास करायचा असेल, तर अमेरिकेतील जॉर्जिया राज्याची राजधानी असलेल्या अटलांटाचा २०१४ चा हिवाळा हे त्याचे सर्वांत सोयीचे उदाहरण ठरते. त्या हिवाळ्यात निसर्गाने तेथे दोन आठवड्यांच्या अंतराने दोन प्रयोग केले, आणि ते कोणाचीही परवानगी न घेता केले.

प्रथम परिभाषा. आकाशातून पडणाऱ्या गोठलेल्या पाण्याचे दोन प्रकार मराठी वाचकाच्या परिचयाचे असतात : कुलू-मनालीच्या सहलीत भाड्याचा कोट घालून पाहिलेला भुसभुशीत बर्फ, आणि द्राक्षबागांची नासाडी करणारी गारपीट. उत्तर अमेरिकेत ज्याला आइस स्टॉर्म म्हणतात ते बर्फवादळ तिसऱ्या जातीचे असून त्याचा स्वभाव अधिक कपटी असतो, कारण ते साध्या पावसाच्या वेषात येते. त्यासाठी वातावरणाची रचना तीनमजली असावी लागते : वरच्या थंड थरात हिमकण तयार होतात, मधल्या उबदार थरातून जाताना ते वितळून त्यांचे पाणी होते, आणि जमिनीलगतच्या शून्याखालील थरात शिरलेला थेंब गोठायला हवा असूनही गोठत नाही, कारण हा शेवटचा थर इतका पातळ असतो की गोठायला सवडच मिळत नाही. शून्य अंश सेल्सियसच्या खाली जाऊनही द्रवच राहिलेल्या अशा पाण्याला अतिशीत पाणी म्हणतात. वाटेत तहकूब राहिलेले हे काम थेंब खाली येऊन पुरे करतो. फांदी, विजेची तार, गाडीची काच, दाराची कडी, यांपैकी जे प्रथम लागेल त्यावर पसरतो आणि तेथेच गोठतो. खालचा थर जाड असला तर थेंब हवेतच गोठून त्याचे टणक कण होतात, ज्यांना स्लीट म्हणतात, आणि हे कण खिडकीवर निदान वाजतात तरी. गोठणारा पाऊस मात्र पागोळ्यांच्या नेहमीच्या सुरात पडत राहतो आणि त्याचा खरा परिचय पहिले पाऊल टाकल्यावर होतो.

रस्त्यावर जमणाऱ्या या पारदर्शक थराला ब्लॅक आइस म्हणतात, वास्तविक तो काळा नसतो आणि काळे दिसते ते त्याच्याखालचे डांबर. चालकाला रस्ता नुसता ओला भासतो, आणि ओल्या रस्त्यावर गाडी हाकण्याचा आत्मविश्वास जगातील प्रत्येक चालकाजवळ असतो. पुलांवर हा थर आधी जमतो, कारण पुलाला वरून तशीच खालूनही थंड हवा लागते आणि जमिनीची ऊब त्याला मिळत नाही. तशा सूचनेच्या पाट्या महामार्गावर पुलांच्या अलीकडे लावलेल्या असतात, परंतु त्या जुलैच्या उकाड्यातही तशाच उभ्या असल्यामुळे बर्फ पडेपर्यंत त्यांच्यावरचा विश्वास पूर्णपणे उडालेला असतो. बर्फ मुळात निसरडा का, यावर विद्वानांचा खल दीर्घकाळ चालला आहे. गोठणबिंदूच्या खालीही बर्फाच्या पृष्ठभागावर द्रवासारखा एक अतिपातळ थर असतो, ही कल्पना मायकेल फॅरडे यांनी १८५० मध्ये मांडली होती आणि पुढच्या संशोधनाने तिला बळ दिले. शून्याच्या आसपासचा बर्फ कडाक्याच्या थंडीतील बर्फाहून अधिक निसरडा असतो, हेही या चर्चेतून स्पष्ट होते, आणि मिनेसोटासारख्या उत्तरेकडील राज्यांतले लोक दक्षिणेकडील लोकांच्या घसरण्याला जे हसतात त्या हसण्याचा शास्त्रीय पाया त्यामुळे थोडा डळमळतो.

बर्फवादळाचा पहिला परिणाम वादळ येण्याच्या आदल्या दिवशी दिसतो. अंदाज जाहीर होताच दक्षिणेकडील राज्यांतील दुकानांत दूध आणि पाव यांच्या फळ्या रिकाम्या पडतात, आणि वीज गेली तर सर्वांत आधी नासणारे दूधच संकटासाठी का साठवावे, या प्रश्नाचे उत्तर रांगेतल्या कोणालाही देता येत नाही. बोस्टनमध्ये याच प्रवृत्तीवरून फ्रेंच टोस्ट अलर्ट नावाची थट्टेची मोजपट्टी निघाली, कारण दूध, पाव आणि अंडी एकत्र घरी नेणारे कुटुंब संकटकाळात दुसरे काय तळणार, असा तिच्यामागील तर्क आहे. अटलांटाच्या उपनगरांतील मराठी घरांत या बाबतीत वेगळी परंपरा आढळते. तेथे तांदळाची गोणी, डाळ, रवा आणि पोहे बारा महिने भरलेले असतात, त्यामुळे ही घरे कोणत्याही आपत्तीसाठी सदैव सज्ज असतात आणि तरीही गर्दी पाहून दूध आणि पाव घेऊन येतात.

मंगळवार, २८ जानेवारी २०१४ च्या पहाटे राष्ट्रीय हवामान सेवेने अटलांटासाठी हिवाळी वादळाचा इशारा दिला. आधीच्या अंदाजांत वादळाचा जोर शहराच्या दक्षिणेला दाखवलेला होता, आणि एकाच विषयावरचे दोन अंदाज समोर असले की त्यांतला सोयीचा मानावा, या मनुष्यस्वभावाला अनुसरून शाळा भरल्या आणि कार्यालये उघडली. शहर सज्ज असल्याचे महापौर कासिम रीड यांनी आधीच जाहीर केले होते. २८ च्या दुपारी बर्फ पडू लागला असताना ते एका मासिकातर्फे दिला जाणारा वर्षातील सर्वोत्तम जॉर्जियावासी हा सन्मान एका भोजनसमारंभात स्वीकारत होते, आणि राज्यपाल नेथन डील हेही त्या समारंभाला उपस्थित होते. सत्काराचा एवढा अचूक मुहूर्त कोणत्याही संयोजकाला पंचांग पाहून काढता आला नसता.

याच दुपारी शहरात ते दुर्मीळ एकमत झाले. शाळांना वाटले की मुलांना रस्ते बिघडायच्या आत घरी पाठवावे, खाजगी कंपन्यांना कर्मचाऱ्यांविषयी तेच वाटले, सरकारी कार्यालयांनाही तेच वाटले, आणि मुलांना शाळेतून आणायला पालक निघाले. यांतला एकही निर्णय चुकीचा नव्हता. प्रत्येक निर्णय स्वतंत्रपणे तपासला असता त्याला शहाणपणाचे पूर्ण गुण द्यावे लागतील. दोष एवढाच होता की ५० लाखांहून अधिक वस्तीच्या महानगराला हे शहाणपण काही तासांच्या आत सुचले. गाड्या रस्त्यावर येऊन थांबल्या. थांबलेल्या गाड्यांच्या टायरांखाली बर्फ दाबला गेला, उष्णतेने किंचित वितळला आणि उतरत्या तापमानात पुन्हा गोठून काचेसारखा झाला, म्हणजे आकाशातून भुसभुशीत पडलेल्या मालावर प्रक्रिया करून त्याचा पक्का निसरडा थर बनवण्याचे काम नागरिकांनी स्वतःच पार पाडले. मीठ आणि वाळू टाकणारे ट्रक त्याच गर्दीत मागे अडकले, आणि ज्या रस्त्यावर मीठ टाकायचे त्याच रस्त्यावर मिठाची वाट पाहत उभे राहिले. विमानतळावर नोंदलेला एकूण बर्फ सुमारे अडीच इंच होता.

पुढची रात्र नागरी इतिहासात अपूर्व ठरली. अर्ध्या तासाच्या वाटेला दहा-बारा तास लागले, आणि कित्येकांना त्याहून अधिक. शेकडो गाड्या रस्त्याच्या कडेला सोडून लोक चालत निघाले आणि औषधांच्या, वाणसामानाच्या दुकानांत जमिनीवर झोपले. अटलांटातच मुख्यालय असलेल्या होम डेपो या बांधकाम-साहित्याच्या कंपनीने आपली अनेक दुकाने रात्रभर उघडी ठेवली, त्यामुळे आयुष्यात कधी खिळा न ठोकलेल्या माणसांनाही करवती आणि रंगाचे डबे यांच्या सान्निध्यात निवांत रात्र काढता आली. दोन हजारांहून अधिक विद्यार्थी शाळेत मुक्कामाला राहिले, आणि ज्या शाळेतून सुटण्यासाठी मुले वर्षभर घड्याळ पाहतात त्या शाळेत त्यांना शिक्षकांनी झोपवले. आय-२८५ या शहराला वेढणाऱ्या वर्तुळमार्गावर अडकलेल्या एका गाडीत पोलिसाच्या मदतीने एक मुलगी जन्माला आली. त्या दिवशी अटलांटात ठरल्या जागी न पोहोचताही काम पूर्ण केलेली ती बहुधा एकमेव व्यक्ती होय. राज्यात हजाराहून अधिक अपघात नोंदले गेले, काही माणसे दगावलीही, आणि त्या नोंदींपाशी विनोदाने टोपी काढून बाजूला उभे राहणेच योग्य ठरते.

अटलांटा आणि भारत यांच्या घड्याळांत हिवाळ्यात साडेदहा तासांचे अंतर असते, त्यामुळे महामार्गावर मध्यरात्र होते तेव्हा पुण्यातील सदाशिव पेठेत सकाळचा दुसरा चहा झालेला असतो, दूरचित्रवाणीवर त्याच महामार्गाचे दृश्य चालू असते आणि सल्ला द्यायला सवड असते. अशा प्रसंगी दूरध्वनीवरून येणाऱ्या सल्ल्यांचे वर्गीकरण तीन गटांत करता येते. पहिला गट मातृपक्षाचा असून त्यात डोक्याला काही बांधले आहे का, सकाळपासून पोटात काय गेले, आणि गाडी तिथेच सोडून रिक्षा का करत नाहीस, असे प्रश्न येतात. दुसरा गट पितृपक्षाचा असून तो निवृत्तीपूर्वीच्या शिस्तीचा दाखला देतो आणि सकाळीच अंदाज पाहून घरी का थांबला नाहीत, हा कोणत्याही सरकारी चौकशी समितीला शोभणारा प्रश्न विचारतो. तिसरा गट काकांचा असून तो तांत्रिक असतो; काचेवर गरम पाणी ओत, असे त्याचे म्हणणे असते, आणि थंडगार काचेवर एकदम गरम पाणी पडले की काच तडकते व खाली सांडलेले पाणी पुन्हा गोठून आणखी एका माणसाला पाडते, हे समजावून सांगेपर्यंत मोबाइलची बॅटरी संपते.

रस्त्यावर मीठ का टाकतात, हेही येथे सांगणे आवश्यक आहे. पाण्यात मीठ विरघळले की त्याचा गोठणबिंदू खाली उतरतो. सुमारे २३ टक्के मीठ असलेले द्रावण तर उणे २१ अंशांपर्यंत द्रव राहते, परंतु घट्ट बर्फावर टाकलेले साधे मीठ उणे नऊ-दहा अंशांच्या खाली इतके संथ वितळवते की तोवर वसंत ऋतू जवळ येतो. म्हणून द्रावण वादळाच्या आधीच फवारणे हितकर असते, आणि त्यासाठी ट्रक इतरांच्या आधी बाहेर पडावे लागतात. त्याच हिवाळ्यात विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी शहराने चीज बनवताना उरलेले खारट पाणी रस्त्यावर वापरून पाहिले. ज्या राज्याने आयुष्यभर चीज खाल्ले त्याने असे मिठाला जागावे, हे योग्यच म्हटले पाहिजे. पादचाऱ्यांसाठी असे काही रसायन उपलब्ध नसल्यामुळे त्यांना चाल बदलावी लागते : जर्मनीतील अस्थिरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये नागरिकांना पेंग्विनसारखे चालण्याचा सल्ला दिला होता, म्हणजे शरीर किंचित पुढे झुकवून, पावले बाहेरच्या बाजूला वळवून, शरीराचा भार पुढच्या पायावर ठेवत सावकाश डुलत जावे. हा उपाय निःसंशय परिणामकारक आहे. तो अंगीकारल्यावर कोणाला साहेब म्हणावे हे मात्र लांबून ओळखता येत नाही.

दुसरा प्रयोग ११ ते १३ फेब्रुवारी या दिवसांत झाला, आणि या वेळी आले ते परिभाषेत बसणारे खरे बर्फवादळ होते. हवामान सेवेच्या इशाऱ्यात एकामागून एक भयंकर विशेषणे देऊन शेवटी वाचकाने आपल्याला हवे ते निवडावे असे सुचवले होते, आणि सरकारी गद्याच्या इतिहासात वाचकाला एवढे स्वातंत्र्य क्वचितच मिळाले असेल. जानेवारीत जाहीर माफी मागावी लागलेल्या राज्यपालांनी वादळाच्या आधीच आणीबाणी घोषित केली. नागरिकांचे पुन्हा एकमत झाले, परंतु ते घरी बसण्याविषयी होते. एका पंधरवड्यापूर्वी गाड्यांनी गच्च भरलेले महामार्ग भर दुपारी ओस पडले. घर्षण जानेवारीइतकेच नाहीसे झाले होते, पण ते नाहीसे झाल्याचे अनुभवायला रस्त्यावर कोणी नव्हते, यावरून एकमताचा दोष एकमतात नसून ते कोणत्या दिशेने धावत सुटते यात असतो, असा पहिला निष्कर्ष निघतो.

माणसे सापडत नाहीत असे पाहून बर्फाने मोर्चा झाडांकडे आणि तारांकडे वळवला. अर्धा इंच जाडीचा थर विजेच्या दोन खांबांमधल्या तारांवर दोनशे किलोंहून अधिक भार टाकू शकतो, आणि जॉर्जियात विपुल असलेले पाइनचे वृक्ष हिवाळ्यातही पाने गाळत नसल्यामुळे बर्फाला बसायला हजारो सुयांसारखी पाने आयती मिळतात. ऑगस्टा येथील प्रसिद्ध गोल्फ मैदानावर सतराव्या टप्प्यात असेच एक जुने पाइनचे झाड होते, आणि राष्ट्राध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर यांचा चेंडू त्यावर इतक्या नियमितपणे आदळत असे की १९५६ मध्ये क्लबच्या सभेत त्यांनी ते तोडावे अशी सूचना मांडली. युरोपात महायुद्ध जिंकलेल्या सेनापतीची ही सूचना क्लबचे अध्यक्ष क्लिफर्ड रॉबर्ट्स यांनी चर्चेला न घेता सभाच आटोपती घेतली, आणि त्या मतभेदाच्या पुण्याईवर झाड पुढे ५८ वर्षे उभे राहिले. फेब्रुवारी २०१४ च्या बर्फाने मात्र ते इतके मोडले की काढून टाकावे लागले. सभेतील मतभेद झाडाला तारतो आणि आकाशातला पाऊस सभेचे ऐकत नाही, हा दुसरा निष्कर्ष.

वीज गेल्यावर घरात जे घडते त्याचे वर्णन थोडक्यात करता येते : फ्रिजमधले पदार्थ थंड राहावेत म्हणून बाहेर ठेवले जातात, माणसे गरम राहावीत म्हणून एका खोलीत कोंडली जातात, मोबाइल गाडीत बसून चार्ज केला जातो, आणि कुटुंबातील सदस्य एकमेकांशी बोलू लागतात, ज्याची सवय नसल्यामुळे वीज लवकर यावी अशी प्रार्थना सर्वजण मनापासून करतात. या बाबतीतला मानदंड जानेवारी १९९८ मध्ये कॅनडातील क्वेबेक प्रांताने घालून दिला. तेथे काही दिवस सतत पडलेल्या गोठणाऱ्या पावसाने सुमारे एक हजार पोलादी मनोरे कोसळले, लाखो लोक अंधारात गेले, आणि मॉन्ट्रियलजवळच्या बूशरव्हिल येथे रेल्वेचे डिझेल इंजिन रुळांवरून उतरवून चक्क गावच्या रस्त्याने नगरपालिकेच्या इमारतीपर्यंत चालवत नेण्यात आले व त्याची वीज इमारतीला जोडण्यात आली. आपत्तीचे गांभीर्य मोजण्याची अमेरिकेच्या दक्षिणेतील पद्धत याहून सोपी आहे : संघराज्याच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेचे तत्कालीन प्रमुख क्रेग फ्यूगेट यांनी रूढ केलेल्या वॉफल हाउस निर्देशांकानुसार, चोवीस तास चालणाऱ्या या उपाहारगृहात सर्व पदार्थ मिळत असतील तर स्थिती हिरवी, निवडकच मिळत असतील तर पिवळी, आणि उपाहारगृह बंद असेल तर लाल समजायची. शासनाच्या अहवालापेक्षा आचाऱ्याच्या हजेरीवर अधिक विश्वास ठेवणारी ही पद्धत मराठी मनाला सहज पटावी.

जानेवारीच्या गोंधळानंतर सर्वांनी एकदम सुटण्याऐवजी आधी शाळा, मग खाजगी कंपन्या आणि शेवटी सरकारी कार्यालये, असे टप्प्याटप्प्याने सुटायला हवे होते, हे महापौरांनी स्वतःच बोलून दाखवले. उपाय निर्दोष असला तरी त्याच्या अंमलबजावणीसाठी आधी कोणी निघावे आणि मागे कोणी थांबावे हे ठरवणारी यंत्रणा लागते, आणि अशी यंत्रणा कोणत्याही खर्चाविना मराठी समाजात पूर्वापार अस्तित्वात आहे, याकडे नगररचनाकारांचे लक्ष अद्याप गेलेले नाही. अटलांटातील कोणत्याही मराठी घरचे संक्रांतीचे हळदीकुंकू पाहिले तरी तिचा प्रत्यय येतो : चला, निघतो, असे म्हणून पाहुणे पुन्हा बसतात, दुसऱ्यांदा उठल्यावर दारात उभे राहून मुख्य विषय काढतात, तिळगुळाचा डबा घरात विसरल्याचे एकाला आठवते, यजमान गाडीपर्यंत पोहोचवायला येतात आणि गाडीची काच खाली करून मुलांच्या परीक्षांची चौकशी होते. या पद्धतीत पहिली आणि शेवटची गाडी यांच्यात सहज दीड तासाचे अंतर पडते, कोणत्याही दोन गाड्या एका वेळी रस्त्यावर येत नाहीत आणि मिठाच्या ट्रकला पुढे जायला वाट मोकळी मिळते. जॉर्जिया राज्याने आपत्तीच्या नियमावलीत निरोपाची ही रीत समाविष्ट केली, तर बर्फ पडतच राहील. वाहतूक मात्र कधीच अडणार नाही, कारण ती सुरूच होणार नाही.